अंग न झाडलेला एडका

त्या एडक्याला मी माझं दूध पाजलं होतं, हे पहिल्यालाच सांगून टाकते, म्हंजे पुढं कुणी नाक मुरडायला नगं. माझं पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं. छाती दगडावानी झाली होती, ताप चढला होता. त्याच आठवड्यात आमची एक मेंढी व्याली आन् मेली. आत्याबाईनं, म्हंजे माझ्या सासूनं, ते वल्लं कोकरू उचललं, माझ्या मांडीवर आदळलं आन् म्हणली, "रडत बसू नगंस. ह्याला पाज. ह्याचा बी जीव वाचंल, तुझा बी." मी पाजलं. लोक हसले, मी त्यांचा आयबाप काढला, आन् विषय संपला.

तीन वरसांत त्याचा एडका झाला. शिंगं वळून कानापाशी आली. स्वभाव माझाच. माणूस दिसला की आधी टक्कर, मग वळख. मामाला, म्हंजे माझ्या वारलेल्या सासऱ्याच्या धाकट्या भावाला, त्यानं दोनदा तोंडावर पाडलं होतं, आन् मामा तर सगळ्या वाड्याचा कारभारी. आमच्या मेंढक्या लोकांत वाडा म्हंजे दगडमातीचा न्हाई. चार-पाच घरची मेंढरं, घोडी, कोंबड्या, घोंगड्या, लेकरंबाळं मिळून जे बिऱ्हाड गावोगाव चालतं त्याला वाडा म्हणायचं. बाकीच्या वाड्यांत मेंढरांच्या म्होरं गडी चालायचा, आमच्यात मी. माझ्या मागं एडका, एडक्याच्या मागं सगळी मेंढरं. त्याला नाव न्हवतं. "ये रं" म्हणलं की यायचा.

दर साली दिवाळी झाली की आमी गंगाखेडच्या वरच्या माळावरून खाली उतरायचो आन् गंगा ओलांडून वालूरकडं जायचो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. पल्याडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी, आन् त्याच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वरसं झाली होती तवाची ही गोष्ट. राज्य बदललं होतं म्हणं. आमचं काय बदललं न्हवतं, पण अनोळखी माणूस शिवारात दिसला की गावाच्या हातात काठ्या यायच्याच.

त्या साली गंगेच्या कडंला आलो आन् वारं सुटलं. असलं वारं मी पुना बघितलं न्हाई. थंड, तिरपं, दिवसभर एकसारखं. चुलीतला जाळ चुलीत ऱ्हाईना, भाकरीत वाळू, डोळ्यांत वाळू, बोलायला तोंड उघडलं तर तोंडात वाळू. वर कुठं पाऊस झाला आसंल, गंगा गढूळ झाली होती आन् उताराला पाणी छातीला लागत होतं. उतार म्हंजे जिथून चालत पल्याड जाता येतं ती जागा. मामा म्हणला, "दोन दिस थांबू. वारं बी पडंल, पाणी बी उतरंल." तीन दिवस थांबलो. वारं काय पडलं न्हाई. आमीच एकमेकांच्या अंगावर जायला लागलो. जावा भांडल्या, कुत्री भांडली, मालकानं, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, आन् मी तर बोलायचंच सोडलं.

आमच्या भांडणाचं मूळ आत्याबाईचा नवस. आदल्या साली मालक तापानं आडवे झाले होते. एकवीस दिवस डोळा उघडला न्हाई. तवा आत्याबाईनं गंगेकडं तोंड करून पदर पसरला होता: माझं लेकरू उठलं तर वाड्याचा म्होरचा एडका तुला देईन. मालक उठले. आन् ह्या उताराला आल्यावर आत्याबाईनं मला ते सांगितलं.

"म्होरचाच कामून?" मी वरडले. "वाड्यात दुसरे एडके मेलेत का?"

"देवाला द्यायचं तर जिवाला लागंल असं द्यावं," ती म्हणली. "लंगडं-खुरडं देऊन देव पावतो का गं?"

"मग मेंढरं पाण्यात कोण घालणार? तुमी?"

"गंगा घालील."

मी मालकाकडं बघितलं. ते खाली मान घालून दोरी वळत बसले होते. आय एकीकडं, बायको एकीकडं, मधी स्वताचाच जीव. काय बोलतेल बिचारे. पण तवा मला ते बिचारे वाटले न्हाईत, शेळपट वाटले, आन् तसं मी म्हणले बी.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं आमची एक मोठी घोंगडी उडवली. ती फडफडत मेंढरांवर जाऊन पडली. झालं. चारशे मेंढरं बिचकली आन् वाऱ्याच्या वाटेनं पळत सुटली ती सरळ गावच्या हरभऱ्यात. आमी मागं धावलो, पण वारं पाठीशी असल्यावर मेंढरू वळतं का? घटकाभरात आठ-धा गडी काठ्या घिऊन आले. काय बोलणं न्हाई, इचारणं न्हाई. एकानं कोकराच्या पाठीत अशी घातली की त्याचे मागचे पाय तिथंच लुळे पडले. मालक मधी पडले तर त्यांची भुवई फुटली. रगत डोळ्यात उतरलं आन् ते आंधळ्यावानी हात हवेत फिरवायला लागले. सगळीकडं माती, शिव्या, मेंढरांचं बेंबटणं. एका गड्यानं माझ्या एडक्याचं शिंग धरलं आन् त्याला फरफटत कोंडवाड्याकडं वढायला लागला.

माझं टाळकं सटकलं. मी काठी दोन्ही हातांनी वर उचलली आन् त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो गडी खाली बसला, हात पोटाशी धरून, आन् लेकरावानी आय-आय करायला लागला. मला वाईट वाटलं न्हाई. खोटं कशाला बोलू? लय बरं वाटलं.

मालकानं मग सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. बाईला मारली म्हंजे गावाचा राग निवंल, असं त्यांना वाटलं आसंल. मी हातातली काठी त्यांच्या अंगावर फेकली. गावाचा राग काय निवला न्हाई. ज्याचा हरभरा होता तो शेतकरी मामाला म्हणला, "उद्या दिवस डोक्यावर यायच्या आत पल्याड व्हायचं. न्हाईतर मेंढरं बी ठेवणार न्हाई आन् तुमची पालं बी." मामानं त्याच्या पायावर पागोटं ठेवलं. उपयोग झाला न्हाई.

म्हंजे आता त्या वाऱ्यात, त्या पाण्यात उतरायचं. आन् ते माझ्या एका काठीमुळं. मामा आत्याबाईला म्हणला, "वहिनी, असल्या पाण्यात उतरायचं तर आधी गंगेचं देणं द्यायचं. सकाळी एडका पुजू."

आमच्यात एडका असाच कापत न्हाईत. आधी देवाला इचारावं लागतं. एडक्याच्या पाठीवर हळदीचं पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं, सगळं कातडं थरारून पाणी उडवलं, की देवानं घेतला. मग कापायचा. तीनदा पाणी घालून बी झाडलं न्हाई तर देवानं नाकारला. मग त्याला कुणी सुरी लावायची न्हाई, इकायचा न्हाई, मरंस्तोवर मोकळा सोडायचा. माझ्या बापाच्या वाड्यात एकदाच असं झालेलं मी ऐकलं होतं. आन् इथं तर असलं थंडगार वारं. भिजल्यावर काय दगड बी अंग झाडील.

झुंजुमुंजु व्हायच्या आत मी उठले. दिव्याचा करडईच्या तेलाचा बुधला घेतला आन् एडक्यापाशी जाऊन बसले. लोकर बाजूला करू करू कातड्यापर्यंत तेल चोळलं, मानंपासून शेपटीपर्यंत. मेंढराच्या कानात पाणी गेलं की ते आधी डोकं झाडतं आन् मग अंग, हे मला ठाव होतं. म्हणून लोकरीचे दोन बोळे वळले आन् त्याच्या कानात आत दाबले. तो गप उभा होता, माझा खांदा चघळत. देवाला फसवायलीस, असं मनात आलं. मी मनालाच म्हणले, त्याचं त्याला बघू दे, माझं मी बघते.

दिवस वर आल्यावर सगळे कडंला जमले. पाच खडे मांडले, शेंदूर लावला. माणसं वाऱ्याला पाठ करून, डोकी खाली घालून उभी. मामाच्या हातात सुरा. आत्याबाईनं तांब्या उचलला आन् एडक्याच्या पाठीवर पाणी घातलं. निम्मं पाणी वाऱ्यानंच नेलं. एडका उभा. दुसऱ्यांदा घातलं. एडक्यानं आत्याबाईकडं बघितलं आन् रवंथ करायला लागला. तिसऱ्यांदा आत्याबाईनं पदर पसरून, मोठ्यानं बोलून घातलं, "गंगाबाई, माझ्या हातचं घे गं माय. माझ्या लेकासाठी घे." पाणी लोकरीवरून सरळ खाली वघळलं. एडका हालला सुदीक न्हाई.

मामानं सुरा म्यान केला आन् म्हणला, "सोडा. न्हाई म्हणली ती."

मालक एडक्याची दोरी सोडायला पुढं झाले. सोडताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात तसाच ऱ्हायला. मग त्यांनी तो उचलला, तळव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. फुटक्या भुवईखाली तो डोळा सुजून बंद झालेला, एकाच डोळ्यानं बघत होते. मी म्हणले, मेले आता. त्यांनी हात धोतराला पुसला. माझ्या जवळून जाताना खालच्या आवाजात म्हणले, "पल्याड गेल्यावर बघतो तुझ्याकडं." आन् हसले. चार दिवसांनी हसले होते. मला रडू आलं.

होडीवाला वाऱ्यात होडी सोडायला तयार न्हवता. लय हातापाया पडल्यावर बाया, म्हातारे आन् लेकरं मागून न्यायचं कबूल केलं. मी लुगडं खोचलं आन् पाण्यात पाय घातला. "ये रं," म्हणले. एडका आला. त्याच्यामागं एक मेंढी, मग धा, मग सगळी. वारं पाण्याच्या वाटेनंच वाहत होतं, वरून खाली, आन् लाटा खांद्यावर फुटत होत्या. मी एडक्याचं शिंग धरलं होतं, म्हंजे त्यानंच मला धरलं होतं. मागं गडी वरडत होते, पण आवाज वाऱ्यानं पार खाली नेला. पल्याड पाय टेकले तवा माझं अंग लाकूड झालं होतं. मी मागं वळून बघितलं.

शेपटाची साठ-सत्तर मेंढरं वाऱ्यानं उताराच्या खाली ढकलली होती. तिथं डोह होता. मालक त्यांच्या खालच्या अंगाला घोडी घालत होते, आडवी, मेंढरं थोपवायला. घोडीवर भिजलेल्या घोंगड्यांचं वझं. घोडीचे पाय सुटले, ती एका अंगावर पडली आन् वझ्यासकट पालथी झाली. मालकाला पवता येत होतं. पण घोडीची दोरी मनगटाला गुंडाळून धरायची त्यांची खोड होती. मी किती येळा भांडले असंन त्यावरून. एकदा त्यांचं डोकं दिसलं. मग घोडीचे चार पाय दिसले, हवेत झाडत असलेले. त्यातला एक त्यांच्या डोक्यावर बसला. मग पाणी दिसलं.

मी कडंनं पळाले. काटे, दगड, चिखल. वरडून वरडून गळ्यातून रगत आलं. अल्याडच्या कडंवर आत्याबाई पळत होती, पडत होती, उठून पुना पळत होती. मधी गंगा.

दुसऱ्या दिवशी दीड कोसावर बाभळीच्या जाळीत सापडले. दोरी मनगटाला तशीच होती.

आत्याबाई माझ्यावर धावून येईल असं मला वाटलं होतं. मी तयार होते. तिनं मला काय केलं न्हाई. तिनं आपला उजवा हात दगडावर ठेवला आन् डाव्या हातानं दुसरा दगड उचलून त्याच्यावर हाणला. "ह्या हातचं घेतलं न्हाई तिनं! ह्या हातात पाप हाय!" तिसऱ्या घावाला आमी तिला धरलं, तवर दोन बोटं चेचली होती.

मी तवाच सांगायला पायजे होतं. तोंड उघडलं बी होतं. पण सांगितलं तर काय? देवीचं देणं मी आडवलं आन् तिनं नवरा नेला. म्हंजे नवरा मी खाल्ला. न्हाई सांगितलं तर आत्याबाईनं खाल्ला. दोघींतली एक पायजेच होती, आन् मी तिला पुढं केलं. भित्री होते मी. काठी चालवायला भित न्हवते, पण ह्याला भ्याले.

पुढं सात वरसं आमी दोघी रांडमुंड बाया एका पालात ऱ्हायलो. तिनं देवाला हात लावणं सोडलं. निवद दुसरीनं करायचा, ती लांब बसायची. लगीन असलं तर हळदीच्या येळंला उठून मेंढरांकडं जायची. कुणी इचारलं तर साधं सांगायची, "माझ्या हातचं देवाला चालत न्हाई, माय." आन् माझ्यावर किती माया करावी! पहिली भाकर मला. जुनी घोंगडी तिला, नवी मला. "माझ्या पापानं तुझं कपाळ गेलं पोरी," असं म्हणून पाय धरायला यायची. मी खेकसायची तिच्यावर. चोराच्या मनात चांदणं. त्या एडक्याला ती देवानं सोडलेला म्हणून रोज हात जोडायची, आन् तो हरामखोर म्हातारा होऊन दात पडून मेला तवा त्याला खड्डा बी तिनंच खांदला.

आत्याबाईची लेक, माझी नणंद, वालूरला दिली होती. लग्नाला बारा वरसं होऊन तिला लेकरू न्हवतं. सातव्या साली झालं. पोरगा. आमचा वाडा वालूरच्या शिवारात बसला होता तवा ती महिन्याचं लेकरू घिऊन आली. आमच्यात आजीनं नातू पहिल्यांदा हातात घ्यायचा, दिवसाकडं वर धरायचा, मग त्याचं तोंड बघायचं. नणंद म्हणली, "आई, घे."

आत्याबाईनं दोन्ही हात पदराखाली घातले. "नगं. तुझ्या सासूला दे."

"आई, अगं घे की."

"नगं म्हणते न्हवं! माझ्या हातचं देव घेत न्हाई. एक घालवला म्या. हा न्हाई घालवायचा." असं म्हणताना ती मागं मागं सरकत होती, इस्तवापासून सरकावं तशी. आन् डोळे मात्र त्या लेकरावर. इतकी भुकेली नजर मी माणसाची बघितली न्हाई.

माझं टाळकं सटकलं. ह्या बारीला माझ्यावरच. "आत्याबाई!" मी वरडले. "म्या तेल लावलं होतं. त्या दिवशी सकाळी. एडक्याच्या अंगाला तेल चोळलं आन् कानात बोळे घातले. म्हणून त्यानं अंग झाडलं न्हाई. देवी-बिवीनं न्हाई, म्या केलं. तुमच्या लेकाला ठाव होतं. त्यांच्या हाताला तेल लागलं होतं."

मग चुलीपाशी लोखंडाची फुकणी पडली होती ती तिनं उचलली आन् मला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, हातावर, जिथं बसंल तिथं. साठीची बाई, पण जल्मभर मेंढरं उचललेली. माझी कोपराची हड्डी तडकली, ती अजून थंडीत दुखती. नणंद वरडली, जावा धरायला आल्या. मी म्हणले, "सोडा तिला. मारू द्या."

"सात वरसं!" एक घाव. "सात वरसं गं! माझ्याच हातानं माझं..." दुसरा घाव. मग ती रडायला लागली, पण मारायचं थांबली न्हाई. मारता मारता म्हणायला लागली, "न्हाई म्हणली न्हवती. माझ्या हातचं तिनं न्हाई म्हणलंच न्हवतं गं! न्हाई म्हणलंच न्हवतं!" मला कळंना ती रडायली का हसायली. तिला बी कळत नसंल.

मग फुकणी तिच्या हातातून गळाली. ती माझ्या अंगावरून पलीकडं गेली, तोंड पुसलं, दोन्ही हात पदराला घासू घासू पुसले. आन् ते हात लेकीच्या म्होरं पसरून म्हणली, "आण ते लेकरू हिकडं."